ब्राउझरमधील एक्स्टेन्शन वारंवार नाहीसे होत असेल, तर काय तपासावे

जाहिराती रोखणारे, पासवर्ड सांभाळणारे, रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारे अशी एक्स्टेन्शन्स रोजच्या कामात इतकी मिसळलेली असतात की त्यांतले एखादे दिसेनासे झाले, की बहुतेक जण लगेच स्टोअर उघडून ते पुन्हा बसवतात. काही दिवस काम चालते आणि मग ते पुन्हा नाहीसे होते. लहान कार्यालयांतील, शाळांतील आणि घरगुती संगणकांवर हा दोष मी पुष्कळ वेळा दुरुस्त केला आहे. पुन्हा बसवण्याने मूळ कारण झाकले जाते आणि काही वेळा न भरून येणारे नुकसान होते, असे मला प्रत्येक वेळी सांगावे लागते. खालील क्रम विंडोज संगणकावरील क्रोम आणि फायरफॉक्स यांना धरून लिहिला आहे. एज हा ब्राउझर क्रोमप्रमाणेच क्रोमियम या मूळ सॉफ्टवेअरवर उभा असल्यामुळे क्रोमविषयीचे बहुतेक सारे त्यालाही लागू पडते.

लक्षणे

‘नाहीसे झाले’ या एका तक्रारीखाली चार वेगवेगळ्या अवस्था येतात आणि त्यांची कारणेही वेगळी असतात. पहिल्या अवस्थेत टूलबारवरचे चिन्ह दिसत नाही, पण एक्स्टेन्शनचे काम चालू असते. जाहिराती अजूनही अडवल्या जात असतात. दुसऱ्या अवस्थेत एक्स्टेन्शन यादीत असते, मात्र ते बंद आणि फिकट दिसते आणि त्याच्या चौकटीत बारीक अक्षरांत एखादी ओळ आलेली असते. तिसऱ्या अवस्थेत ते यादीतूनच गेलेले असते, पण बुकमार्क, इतिहास आणि जतन केलेले पासवर्ड जागेवर असतात. चौथ्या अवस्थेत एक्स्टेन्शनबरोबर बाकीचेही सारे गेलेले असते आणि ब्राउझर नुकताच बसवल्यासारखा कोरा दिसतो.

अवस्थेइतकीच महत्त्वाची असते ती वेळ. प्रत्येक वेळी ब्राउझर बंद करून उघडल्यावर ते जाते, की संगणक बंद करून चालू केल्यावर जाते, की ब्राउझर अद्ययावत झाल्यानंतर, की दुसऱ्या एखाद्या संगणकावर त्याच खात्याने काम केल्यानंतर? दोन-तीन वेळा ही वेळ कागदावर लिहून ठेवली, तर पुढील तपासण्यांपैकी निम्म्या कराव्याच लागत नाहीत.

सर्वप्रथम: पुन्हा बसवू नका, काढूनही टाकू नका

क्रोममध्ये प्रत्येक एक्स्टेन्शनला बत्तीस अक्षरांची एक ओळख असते आणि त्याने साठवलेली माहिती त्या ओळखीच्या नावाने तुमच्या प्रोफाइलच्या, म्हणजे ब्राउझरमधील तुमची सारी माहिती साठवणाऱ्या, फोल्डरमध्ये राहते. तुम्ही घातलेले नियम, टिपा, जतन केलेल्या टॅबच्या याद्या, काही पाकीट-एक्स्टेन्शनांच्या बाबतीत आभासी चलनाची कुलूपबंद किल्ली, असे बरेच काही तेथे असते. एक्स्टेन्शन नुसते बंद पडले असेल, तर ही माहिती शाबूत असते. ‘रिमूव्ह’ दाबले की ती पुसली जाते. ४ मे २०१९ रोजी एका प्रमाणपत्राची मुदत संपल्यामुळे जगभरच्या फायरफॉक्सची अ‍ॅड-ऑन्स (फायरफॉक्समध्ये एक्स्टेन्शन्सना हेच म्हणतात) एकाएकी बंद पडली होती, तेव्हा मोझिलाने वापरकर्त्यांना हीच विनंती केली होती की अ‍ॅड-ऑन काढून पुन्हा बसवू नका, कारण काढल्याने त्यातील माहिती जाते. ज्यांनी तेवढा धीर धरला त्यांची अ‍ॅड-ऑन्स दुरुस्ती आल्यावर आपोआप परत आली.

म्हणून आधी ब्राउझर पूर्ण बंद करून प्रोफाइलच्या फोल्डरची एक प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर काढून ठेवावी. क्रोममध्ये अ‍ॅड्रेस बारमध्ये ‘क्रोम’, त्यापुढे कोलन आणि दोन तिरक्या रेघा, आणि मग ‘व्हर्जन’ असे इंग्रजीत टाइप केले की उघडणाऱ्या पानावर ‘प्रोफाइल पाथ’ या नावापुढे त्या फोल्डरचा पत्ता दिसतो. फायरफॉक्समध्ये ‘अबाउट’, कोलन, ‘सपोर्ट’ असे टाइप केल्यावर प्रोफाइल फोल्डर उघडण्याचे बटणच मिळते.

चिन्ह लपले आहे का

याला काही खर्च नाही आणि वेळही लागत नाही. क्रोममध्ये अ‍ॅड्रेस बारच्या उजवीकडे कोड्याच्या तुकड्याच्या आकाराचे बटण असते. नव्याने बसवलेले एक्स्टेन्शन त्याच्या आत जाते आणि पिनेच्या खुणेवर टिचकी मारल्याशिवाय बाहेर येत नाही. फायरफॉक्समध्येही १०९ व्या आवृत्तीपासून, म्हणजे जानेवारी २०२३ पासून, तसेच बटण आहे. पिन केलेले चिन्हसुद्धा खिडकी अरुंद केली की जागेअभावी दिसेनासे होते. अर्ध्या पडद्यावर ब्राउझर आणि अर्ध्यावर एक्सेल ठेवून काम करणाऱ्यांकडून ही तक्रार मी हमखास ऐकतो. एक्स्टेन्शन या बटणात सापडले, तर दुरुस्त करण्यासारखे काही नाही.

खिडकी कोणती आहे

क्रोमच्या इनकॉग्निटो खिडकीत कोणतेही एक्स्टेन्शन मुळात बंद असते. त्याच्या ‘डीटेल्स’ पानावर जाऊन इनकॉग्निटोसाठी वेगळी परवानगी द्यावी लागते. पाहुण्यांसाठीच्या ‘गेस्ट’ खिडकीत तर ती देण्याचीही सोय नाही. हे बहुतेकांना ठाऊक असते. फायरफॉक्समधील प्रकार मात्र फसवा आहे. तेथे गोपनीयतेच्या सेटिंग्जमध्ये ‘इतिहास कधीच लक्षात ठेवू नका’ हा पर्याय निवडला, तर फायरफॉक्स कायमच खासगी खिडकीच्या पद्धतीने चालू लागतो, आणि तरीही खासगी खिडकीवर एरवी दिसणारी मुखवट्याची जांभळी खूण दिसत नाही. ज्या अ‍ॅड-ऑन्सना खासगी खिडकीत चालण्याची परवानगी दिलेली नाही ती सगळी त्यामुळे एकदम गप्प होतात. सुरक्षिततेसाठी म्हणून कोणीतरी हा पर्याय निवडून दिलेला असतो आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. तो पर्याय बदलावा, किंवा हव्या त्या अ‍ॅड-ऑनला खासगी खिडकीची परवानगी द्यावी.

फायरफॉक्स उघडताना शिफ्ट कळ दाबलेली राहिली, तर तो ‘ट्रबलशूट मोड’मध्ये उघडतो आणि त्यात सर्व अ‍ॅड-ऑन्स बंद असतात. ब्राउझर नेहमीसारखा पुन्हा सुरू केला की ती परत येतात.

प्रोफाइल तेच आहे का

चौथ्या अवस्थेत, म्हणजे सारेच कोरे दिसत असताना, पहिला संशय प्रोफाइलवर घ्यावा. एकाच क्रोममध्ये अनेक प्रोफाइल असू शकतात आणि प्रत्येकाची एक्स्टेन्शन्स, बुकमार्क आणि पासवर्ड स्वतंत्र असतात. घरी मुलाने शाळेच्या खात्यासाठी एक प्रोफाइल उघडले, किंवा कार्यालयातील सहकाऱ्याने आपल्या जीमेलसाठी दुसरे तयार केले, की संगणक एकच राहून ब्राउझर दोन होतात. ईमेलमधील किंवा दुसऱ्या प्रोग्राममधील दुवा उघडला, तर तो शेवटी वापरल्या गेलेल्या प्रोफाइलमध्ये उघडतो. त्यामुळे ‘कधी असते, कधी नसते’ असा दोष असेल, तर तो फार मोठ्या प्रमाणात येथेच सापडतो. उजव्या कोपऱ्यातील वर्तुळावर टिचकी मारून दुसरे प्रोफाइल उघडून पाहावे, आणि खात्री करायची असल्यास वर सांगितलेल्या व्हर्जनच्या पानावर दोन्ही खिडक्यांमधील पत्ते ताडून पाहावेत. एकाचा शेवट ‘डिफॉल्ट’ असेल आणि दुसऱ्याचा ‘प्रोफाइल १’, तर उलगडा झाला.

मे २०१९ मध्ये आलेल्या ६७ व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स प्रत्येक स्थापनेसाठी वेगळे प्रोफाइल वापरतो. एकाच संगणकावर दोन ठिकाणी फायरफॉक्स बसवलेला असेल, तर ज्या शॉर्टकटने तो उघडला त्यावर कोणती अ‍ॅड-ऑन्स दिसणार हे ठरते. ‘अबाउट’, कोलन, ‘प्रोफाइल्स’ असे टाइप केल्यावर सगळी प्रोफाइल एकत्र दिसतात. जुने प्रोफाइल तेथेच सुखरूप असते. ते मुख्य म्हणून निवडायचे, इतकेच.

यादीतील बारीक ओळ वाचा

दुसऱ्या अवस्थेत कारण पडद्यावरच लिहिलेले असते, पण ते वाचले जात नाही. क्रोममध्ये ‘क्रोम’, कोलन, दोन तिरक्या रेघा, ‘एक्स्टेन्शन्स’ हे पान उघडावे आणि बंद पडलेल्या एक्स्टेन्शनची चौकट नीट पाहावी.

नव्या परवानगीची मागणी असेल, तर त्याचा अर्थ असा की एक्स्टेन्शनची नवी आवृत्ती आपोआप उतरली, तिला पूर्वीपेक्षा जास्त अधिकार हवे आहेत आणि तुम्ही होकार देईपर्यंत क्रोमने ती थांबवून ठेवली आहे. होकार देण्यापूर्वी त्या एक्स्टेन्शनला तो अधिकार कशाला हवा असेल याचा विचार जरूर करावा. पडद्याचा फोटो काढणाऱ्या साध्या साधनाने सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचण्याचा आणि बदलण्याचा अधिकार मागितला, तर मी ते काढून टाकण्याचा सल्ला देतो.

‘हे एक्स्टेन्शन बिघडलेले असू शकते’ अशा अर्थाची ओळ असेल, तर शेजारी ‘रिपेअर’चे बटण असते. स्टोअरमधील मूळ फायली आणि तुमच्या डिस्कवरील फायली जुळत नाहीत, असे क्रोमला आढळले आहे. एकदा असे झाले, तर दुरुस्त करून सोडून द्यावे. पुन्हा पुन्हा होत असेल, तर डिस्क किंवा अँटिव्हायरस यांच्याकडे बोट जाते आणि त्यांविषयी पुढे लिहिले आहे.

एक्स्टेन्शन आता चालवता येत नाही अशी ओळ असेल, तर कारण तुमच्या संगणकात नाहीच. क्रोमने एक्स्टेन्शनच्या बांधणीचा जुना आराखडा, मॅनिफेस्ट व्ही २, टप्प्याटप्प्याने बंद केला. जून २०२४ मध्ये चाचणी आवृत्त्यांत इशारे दिसू लागले, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून नेहमीच्या आवृत्तीत अशी एक्स्टेन्शन्स बंद होऊ लागली, आणि २०२५ मध्ये १३८ व्या आवृत्तीबरोबर ती पुन्हा चालू करण्याची सोय सामान्य वापरकर्त्याला उरली नाही. कार्यालयांना दिलेली सवलतही १३९ व्या आवृत्तीत संपली. मधल्या काळात ही एक्स्टेन्शन्स हाताने चालू करता येत होती आणि क्रोम ती पुन्हा बंद करत होता, त्यामुळे ‘सारखे नाहीसे होते’ ही तक्रार त्या वर्षभरात फार वाढली. युब्लॉक ओरिजिन हे यातले सर्वांत ठळक उदाहरण होय. क्रोमसाठी त्याची युब्लॉक ओरिजिन लाइट ही नव्या आराखड्यावरची, काहीशी मर्यादित आवृत्ती आहे. मूळ एक्स्टेन्शनच हवे असेल, तर फायरफॉक्सने जुना आराखडा सोडलेला नाही. जुन्या आवृत्तीचा क्रोम शोधून बसवणे हा उपाय मी कोणालाही सुचवत नाही, कारण सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबलेल्या ब्राउझरवर बँकेचे व्यवहार करणे म्हणजे घराचे दार सताड उघडे ठेवणे आहे.

आणि एक्स्टेन्शनमध्ये घातक सॉफ्टवेअर असल्याचे लिहिले असेल, तर ते मानावे. द ग्रेट सस्पेंडर हे न वापरलेले टॅब झोपवणारे अतिशय लोकप्रिय एक्स्टेन्शन २०२० मध्ये दुसऱ्या मालकाकडे गेले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते याच कारणाने सगळ्यांच्या क्रोममध्ये बंद केले. वर्षानुवर्षे विश्वासू राहिलेले साधन मालक बदलल्यावर तसेच राहते असे नाही. अशा वेळी ते परत आणण्याचा खटाटोप करू नये. त्या काळात वापरलेले महत्त्वाचे पासवर्ड बदलावेत.

दुसऱ्या संगणकावरून कोणी काढले का

गूगल खात्याने सिंक, म्हणजे सर्व संगणकांवर तीच माहिती ठेवण्याची सोय, चालू असेल, तर एका संगणकावर काढलेले एक्स्टेन्शन त्याच खात्याच्या बाकीच्या संगणकांवरूनही निघून जाते. कार्यालयातील संगणक दुसऱ्याकडे सोपवण्यापूर्वी कोणी त्यावरची एक्स्टेन्शन्स साफ करतो आणि संध्याकाळी घरच्या संगणकावरची गायब होतात. तिसऱ्या अवस्थेत, म्हणजे बुकमार्क जागेवर आणि एक्स्टेन्शन मात्र गेलेले असताना, हे कारण आधी तपासावे, कारण ते दुरुस्त करायला एक बटण पुरते: सिंकच्या सेटिंग्जमध्ये काय काय सिंक व्हावे याची यादी असते, तिच्यातील ‘एक्स्टेन्शन्स’ बंद करून आठवडाभर पाहावे. दोष थांबला, तर दुसरा संगणक शोधावा. आपण कोणकोणत्या यंत्रांवर साइन इन आहोत हे गूगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावर दिसते, आणि तेथे अनोळखी यंत्र आढळले, तर ते एक्स्टेन्शनपेक्षा कितीतरी गंभीर आहे.

तारीख, घड्याळ आणि ब्राउझरची आवृत्ती

फायरफॉक्सची अ‍ॅड-ऑन्स डिजिटल सहीची असतात आणि फायरफॉक्स साधारण दिवसातून एकदा त्या सह्या पुन्हा पडताळतो. सहीचे प्रमाणपत्र ठरावीक मुदतीतच वैध असते, म्हणून संगणकाची तारीख फार मागे किंवा पुढे गेली, तर चांगले अ‍ॅड-ऑनही अवैध ठरते. २०१९ चा प्रसंग असाच घडला होता. तेव्हा चूक प्रमाणपत्राच्या बाजूने होती आणि दुसऱ्याच दिवशी, ५ मे रोजी, ६६.०.४ ही आवृत्ती देऊन ती सुधारली गेली. १४ मार्च २०२५ रोजी आणखी एका मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली. १२८ पूर्वीच्या आवृत्त्यांना, आणि दीर्घ मुदतीच्या शाखेतील ११५.१३ पूर्वीच्या आवृत्त्यांना, त्याचा फटका बसतो. अनेक शाळांत आणि लहान दुकानांत अजूनही विंडोज ७ चालते. त्यावर चालणारी फायरफॉक्सची शेवटची शाखा ११५ हीच आहे, त्यामुळे तेथे निदान ती पूर्ण अद्ययावत असल्याची खात्री करावी. क्रोमने तर विंडोज ७ आणि ८.१ ची साथ २०२३ च्या सुरुवातीला १०९ व्या आवृत्तीनंतर सोडली. अशा यंत्रावर नवी एक्स्टेन्शन्स बसणे हळूहळू थांबते आणि त्यावर एक्स्टेन्शनच्या बाजूने इलाज नाही.

संगणक बंद करून सकाळी चालू केल्यावर तारीख दर वेळी जुनी दिसत असेल, तर मदरबोर्डवरील नाण्यासारखा सेल संपला आहे. बहुतेक डेस्कटॉपमध्ये तो सीआर २०३२ या क्रमांकाचा आणि किरकोळ किमतीचा असतो. वीजजोडणी काढून तो बदलणे अवघड नाही. लॅपटॉप मात्र त्यासाठी स्वतः उघडण्याच्या भानगडीत पडू नये.

एक्स्टेन्शन स्टोअरबाहेरून आले आहे का

एखाद्या परिचिताने झिप फाइल दिली, ती डाउनलोड्समध्ये उघडली आणि क्रोमच्या डेव्हलपर मोडमधून तो फोल्डर जोडला, असे झाले असेल, तर क्रोम ते एक्स्टेन्शन त्याच फोल्डरमधून वाचतो. डाउनलोड्सची साफसफाई झाली की एक्स्टेन्शनही जाते. फोल्डर कायमच्या जागी हलवून पुन्हा जोडावा. फायरफॉक्समध्ये ‘डीबगिंग’च्या पानावरून तात्पुरते जोडलेले अ‍ॅड-ऑन ब्राउझर बंद होताच जाणार, कारण ती सोय तेवढ्यासाठीच आहे, कायम ठेवायचे असेल, तर सही असलेली फाइल लागते. स्टोअरबाहेरचे एक्स्टेन्शन कोणी दिले आणि त्यात काय आहे हे माहीत नसेल, तर ते गेले हेच बरे.

सफाई करणारी साधने आणि अँटिव्हायरस

संगणक वेगवान करून देतो म्हणणारी साधने ठरल्या वेळी ब्राउझरचे फोल्डर साफ करतात आणि काही अँटिव्हायरस एक्स्टेन्शनची एखादी फाइल संशयास्पद ठरवून उचलतात. लक्षण ठळक असते: दोष ठरावीक वारी, किंवा संगणक सुरू झाल्यावर थोड्या वेळाने येतो. सफाईचे साधन विंडोजबरोबर सुरू होणे बंद करावे आणि त्याची वेळापत्रके काढावीत. अँटिव्हायरस पूर्ण बंद करण्याची गरज नाही. त्याच्या ‘क्वारंटाइन’च्या, म्हणजे बाजूला काढून ठेवलेल्या फायलींच्या, यादीत ब्राउझरच्या फोल्डरमधील फाइल आहे का एवढे पाहावे. असल्यास ती सरसकट मोकळी करू नये. एक्स्टेन्शन नामवंत असेल आणि अधिकृत स्टोअरमधून आलेले असेल, तरच त्याला सूट द्यावी.

येथेच आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी: कोणी ब्राउझर ‘रीसेट’ केला होता का? क्रोमच्या रीसेटमध्ये एक्स्टेन्शन्स बंद होतात, पण राहतात. फायरफॉक्सच्या ‘रिफ्रेश’मध्ये ती निघून जातात, मात्र डेस्कटॉपवर जुन्या माहितीचा एक फोल्डर राहतो. तो कचरा समजून टाकू नये.

ब्राउझरवर दुसऱ्याचे नियंत्रण

क्रोमच्या तीन ठिपक्यांच्या मेनूच्या तळाशी ब्राउझर संस्थेच्या व्यवस्थापनाखाली असल्याची ओळ दिसते का ते पाहावे. ‘क्रोम’, कोलन, दोन तिरक्या रेघा, ‘पॉलिसी’ हे पान उघडले की लागू असलेले नियम दिसतात. कार्यालयाच्या संगणकावर एक्स्टेन्शनना बंदी घालणारा नियम असेल, तर तो संगणक विभागाने घातलेला आहे. त्यांना लेखी विनंती करावी आणि पळवाट शोधू नये. मुलाच्या, पालकांच्या देखरेखीखालील खात्यावरही परवानगीशिवाय एक्स्टेन्शन चालत नाही.

घरच्या संगणकावर असा नियम दिसला, तर सावध व्हावे. काही सुरक्षा सॉफ्टवेअर प्रामाणिकपणे असे नियम घालतात, पण घातक सॉफ्टवेअरही हाच मार्ग वापरते: ते स्वतःचे एक्स्टेन्शन सक्तीने बसवते आणि अडचणीची ठरणारी बाकीची बाजूला करते. तुम्ही न बसवलेले आणि काढता न येणारे एक्स्टेन्शन यादीत असेल, शोध भलत्याच पानावर जात असेल, तर संगणक पूर्ण स्कॅन करावा. हे नियम विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या अंतर्गत नोंदवहीत, असतात आणि तेथे अंदाजाने काही पुसणे धोक्याचे आहे.

विंडोजच तात्पुरते खाते देत आहे का

संगणक बंद-चालू केल्यावर एक्स्टेन्शनबरोबर डेस्कटॉपवरच्या फायली आणि भिंतचित्रही जात असेल, तर ब्राउझर निर्दोष आहे. विंडोजला तुमच्या खात्याचा फोल्डर वाचता आला नाही की तो तात्पुरते खाते उघडून देतो आणि साइन आउट केल्यावर त्यातील सारे पुसतो. ‘युजर्स’ फोल्डरमध्ये ‘टेम्प’ नावाचा फोल्डर दिसला किंवा विंडोजमधील घडामोडींच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १५११ क्रमांकाची नोंद आढळली, तर शंका पक्की झाली. अशा अवस्थेत त्या खात्यात कोणतेही काम जतन करू नये. एकदा संगणक पुन्हा सुरू करून पाहावा. तरीही तेच होत असेल, तर जाणकाराला बोलवावे.

शाळांच्या प्रयोगशाळांत आणि सायबर कॅफेत डिस्क मूळ स्थितीला परत नेणारे सॉफ्टवेअर मुद्दाम बसवलेले असते. तेथे प्रत्येक सुरुवातीला सारे पुसले जाणे अपेक्षितच आहे. ते बसवणाऱ्यानेच संरक्षण उघडून एक्स्टेन्शन घालावे आणि पुन्हा बंद करावे.

प्रोफाइल खराब झाले आहे का

वीज अचानक जाणाऱ्या गावांत यूपीएसशिवाय चालणाऱ्या डेस्कटॉपवर हे कारण मला पुन्हा पुन्हा भेटते. ब्राउझर आपल्या एक्स्टेन्शनची नोंद काही फायलींत लिहीत असतो. लिहिताना वीज गेली, तर फाइल अर्धवट राहते आणि पुढच्या वेळी ब्राउझर ती बाजूला ठेवून नवी सुरू करतो. पडताळण्यासाठी क्रोममध्ये नवे प्रोफाइल तयार करून त्यात एकच, बिनमहत्त्वाचे एक्स्टेन्शन बसवावे आणि नेहमीसारखे आठवडाभर वापरावे. नव्यात ते टिकले आणि जुन्यात टिकत नसेल, तर जुने प्रोफाइल खराब झाले आहे. बुकमार्क आणि पासवर्ड निर्यात करून नव्यात आणावेत आणि जुन्याची प्रत काही महिने ठेवावी. फायरफॉक्समध्ये त्याआधी एक सौम्य उपाय आहे: ब्राउझर बंद करून प्रोफाइल फोल्डरमधील ‘एक्स्टेन्शन्स.जेसन’ या फाइलचे नाव बदलावे. फायरफॉक्स ती यादी नव्याने तयार करतो. काही अ‍ॅड-ऑन्स बंद अवस्थेत परत आली, तर हाताने चालू करावीत.

जुन्या संगणकावरील क्रोमचा फोल्डर उचलून नव्या संगणकावर ठेवला आणि एक्स्टेन्शन्स उडाली, ही तक्रारही याच भागातली. विंडोजवर क्रोम एक्स्टेन्शनची नोंद ज्या ‘सिक्युअर प्रेफरन्सेस’ फाइलमध्ये ठेवतो ती त्या यंत्राच्या ओळखीशी बांधलेली असते. यंत्र बदलले की पडताळणी फसते आणि नोंद रद्द होते. घातक सॉफ्टवेअरने चोरून एक्स्टेन्शन घुसवू नये म्हणून ही व्यवस्था आहे. नव्या संगणकावर सिंकने किंवा स्टोअरमधूनच एक्स्टेन्शन आणावे.

नवे प्रोफाइलही काही दिवसांत खराब झाले, तर डिस्क तपासावी. आधी मोकळी जागा पाहावी, कारण गच्च भरलेल्या ड्राइव्हवरही फायली अर्धवट लिहिल्या जातात. मग क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत साधनाने डिस्कची प्रकृती पाहावी. ते ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ दाखवत असेल, तर एक्स्टेन्शनचा विषय तेथेच सोडून द्यावा आणि त्याच दिवशी कागदपत्रे, फोटो आणि हिशेब दुसरीकडे उतरवून घ्यावेत.

कोठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

डिस्क इशारा देत असेल, तिच्यातून खरखर आवाज येत असेल, तर स्वतः दुरुस्तीचे प्रयोग करू नयेत. हरवलेल्या एक्स्टेन्शनमध्ये आभासी चलनाचे पाकीट असेल आणि त्याचे परतावा-शब्द (पाकीट परत मिळवण्याचे गुप्त शब्द) तुम्ही कागदावर लिहून ठेवलेले नसतील, तर संगणक ताबडतोब बंद करावा, त्यावर काहीही नवे लिहिले जाऊ देऊ नये आणि माहिती परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडेच न्यावा. कोणी फोन करून ‘आम्ही दुरून जोडून देतो’ म्हणाले, तर त्याला संगणकाचा ताबा आणि ते शब्द कदापि देऊ नयेत. रजिस्ट्रीतील अनोळखी नियम, स्कॅननंतरही परत येणारे घातक सॉफ्टवेअर आणि वारंवार मिळणारे तात्पुरते विंडोज खाते, ही तीन कामेही अनुभवी दुरुस्तीवाल्याची आहेत. कार्यालयाचा संगणक असेल, तर ती संगणक विभागाचीच आहेत.

बोलावल्यावर त्याला ब्राउझरचे नाव आणि आवृत्ती, एक्स्टेन्शनचे नाव, वरील चारपैकी अवस्था कोणती, ते जाण्याच्या वेळा, यादीतील बारीक ओळीचा फोटो आणि तुम्ही आतापर्यंत केलेल्या तपासण्या, एवढे लिहून द्यावे. प्रोफाइलची प्रत कोठे ठेवली आहे तेही सांगावे आणि ती न पुसण्याची ताकीद द्यावी.